मी, हिल व्ह्यू नगराखालची जुनी दरड

“स्लॅबखाली? आदी तुमच्या सासूला निजवा स्लॅबखाली, साहेब, अन् मग आमाला शिकवा!”

“आजी, माझं लगीनच न्हाई झालं अजून.”

“मग आदी लगीन करा. सासू आली की अक्कलबी येती. तंवर ह्या शेडातनं एक माणूस हलणार न्हाई. म्या सांगून राहिले ना!”

शेडातले लोक हसले. हसता हसता बायकांनी आपापल्या चटया आणखी सारख्या करून घेतल्या. केवळाबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी होती. तिच्या समोर अश्वजित, नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा पोरगेला मास्तर, चिखलानं भरलेल्या बुटांत उभा राहून कपाळावरचा घाम पुसत होता. बाहेर दुपार काळवंडून आली होती.

ज्या जमिनीवर उभी राहून ही दोघं भांडत होती, ती जमीन म्हणजे मी. दरड. जळकोटाच्या अंगाला, बालाघाटाच्या कुशीत बसलेली. हे भांडण कुणी जिंकायचं, यावर त्या शेडातल्या सगळ्यांचे जीव लटकले होते, आणि ही गोष्ट त्या दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक होती. भांडू द्या त्यांना जरा वेळ. तोवर मी कोण ते ऐकून घ्या. मला शाळेत कुणी घातलं नाही. पाण्यानं जे शिकवलं तेवढंच मला येतं, पण ते पक्कं येतं.

दरड म्हटलं की तुम्हाला घाटात रस्त्यावर येऊन पडलेले दोन-चार धोंडे आठवतात. तेवढी हलकी मी नाही. अख्खा कडा आपली जागा सोडून खाली येऊन बसला, ती मी आहे. वर काळा कठीण दगड, त्याच्या पोटाखाली गेरूसारखी तांबडी चिकण माती, आणि तिच्याखाली मुरूम, असं आमचं पठार. फार जुन्या काळी, जळकोट नव्हतं, लातूर नव्हतं, नांगर म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा पावसानं वर्षामागून वर्षं इथं मुक्काम ठोकला. तांबडी माती भिजून भिजून साबणासारखी झाली. वरचा काळा दगड तिच्यावरून निसटला आणि माझा जन्म झाला. जन्मताना आवाज केवढा झाला असेल! ऐकायला माणूस नव्हता, म्हणून बातमी झाली नाही, इतकंच.

खाली आले ती ओढ्यात पाय सोडून बसलेल्या बाईसारखी बसले. माझ्या पाठीमागं कडा कमानीसारखा कोरला गेला आहे, ती माझी जन्मखूण. माथ्यावर थोडी सपाट जागा, मध्ये गोल गरगरीत पोट, आणि ओढ्यापाशी मुरमाचा, दगडधोंड्यांचा मोठा ढीग, ते माझे पाय. गुराख्यांनी मला ‘बैठा डोंगर’ असं नाव दिलं. ते कुणाच्या पुस्तकात वाचून आले नव्हते. त्यांनी नीट बघितलं, आणि दिसलं तेच बोलले.

मी बसले होते म्हणजे मेले होते असं कुणी समजू नये. मी तोल सांभाळून बसले होते. पोटात पाणी यायचं, पण ते पायाशी झऱ्यानं बाहेर पडायचं. डोक्यावर गवत आणि सीताफळीची झाडं, दुसरा भार नाही. आणि पायाशी तो ढीग होता. त्याला टेकून मी हजारो पावसाळे काढले. त्र्याण्णव साली किल्लारीकडं धरणी फाटली, गावंच्या गावं गाडली गेली, तेव्हाचा हादरा माझ्यापर्यंतसुद्धा आला होता. मी अंग थोडं चोरलं आणि जिथल्या तिथं बसून राहिले. हे मी अभिमानानं सांगते. भूकंपाला मी दाद दिली नाही.

चांगले दिवस होते ते. देवणी गायी माझ्या पोटावर चरायच्या. ती जात मोठी शहाणी, ओल दिसली की पाय टाकत नाही. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, बायका आंबिलाची मडकी डोक्यावर घेऊन माझ्या माथ्यावरच्या रानात यायच्या, पूजेला कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहायची, पाहुण्यांना आग्रह करकरून भज्जी वाढली जायची. पुरुष माणसं जेवून माझ्याच सावलीला आडवी व्हायची आणि घोरायची. त्यांच्या घोरण्यानं मी कधी हलले नाही.

मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं. रस्त्याला मुरूम लागतो, आणि मुरूम माझ्या पायाशी आयता पडलेला. जेसीबी आला. रोज टिप्पर भरून जायचे. कुणाला वाटलं नाही की हा ढीग इथं कुणासाठी तरी ठेवलेला असेल. माणसांची ही जुनी खोड आहे. रिकामं दिसलं की ते फुकट पडलंय असं समजतात.

पाय अर्धे गेल्यावर गुरुपादप्पा आला. माणूस वाईट नाही. देवळाच्या कामाला पुढं असतो, कुणाच्या घरी दुःख झालं की सरणाला लाकडं पाठवतो. पण जमिनीचा तुकडा दिसला की त्याला तिथं बंगलेच दिसतात. त्यानं माझं पोट जिन्याच्या पायऱ्यांसारखं कापलं, सिमेंटचे रस्ते टाकले आणि कमान उभी केली, ‘हिल व्ह्यू नगर’. गिऱ्हाईक आलं की हात पसरून सांगायचा, “मागं डोंगर, पुढं ओढा, मधी तुमचा बंगला! पुण्यात सुदीक आसं मिळत न्हाई.” डोंगर मागं होता खरा. पण बंगलाही डोंगरावरच होता, आणि डोंगर उतरलेला होता, हे सांगायचं राहून गेलं.

झऱ्याचं काय झालं? जिथं झरा होता तो प्लॉट कायम ओला. ओला प्लॉट घेणार कोण? म्हणून त्यावर भराव घातला आणि फरशी मारली. पाणी दिसेनासं झालं की लोकांना वाटतं ते गेलं. ते माझ्या पोटात बसलं होतं. मग घरोघरी शोषखड्डे झाले. धुण्याचं, भांड्याचं, न्हाणीचं सगळं पाणी माझ्या घशात. नळाला जोर यावा म्हणून बरोबर माझ्या टाळूवर पाण्याची उंच टाकी बांधली. वास्तूवाला येऊन देवघर कुठल्या तोंडाला पाहिजे ते सांगून गेला. बोअर घ्यायला नारळवाला पानाड्या आला, तळहातावर नारळ उभा करून माळभर फिरला. पण हा डोंगर इथं आला कुठून, हे एकानंही एकाला विचारलं नाही.

पाय छाटले, डोक्यावर हंडा दिला, पोटात पाणी कोंडलं. आणि वर विचारतात, ही हलली कशी!

आता केवळाबाईचं सांगते. ती मूळची किल्लारीकडची. भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. नवरा गेला, मोठी मुलगी गेली. ती स्वतः उजाडल्यावर ढिगाऱ्यातून निघाली, आणि तिच्या काखेत धाकटा जिवंत होता. तो धाकटा बालाजी पुढं शिकला, कारखान्यात चिकटला, लग्न केलं, आणि हिल व्ह्यू नगरात घर बांधलं. घर पक्कं, वर स्लॅब. केवळाबाई त्या घरात स्वयंपाक करायची, भांडायची, टीव्ही बघायची. पण निजायला मागच्या पत्र्याच्या खोलीत. थंडी असो, ऊन असो. इतक्या वर्षांत स्लॅबखाली तिनं डोळा मिटला नाही. सून दीपमाला कूलर लावून द्यायची, मुलगा हात जोडायचा. ती म्हणायची, “पत्रा अंगावर पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर तुमी मला हाका मारत बसताल.”

नगरातली पोरं तिला मागं ‘भूकंप खातं’ म्हणायची. पण तोंडावर सगळे तिचं ऐकायचे. घराला कडी कशी असावी, गॅस कधी बंद करावा, पलंग दारापासून किती लांब, हे ती प्रत्येकाच्या घरात शिरून सांगायची. आणि जे सांगायची ते खरं होतं. ते तिनं वाचून नाही, ढिगाऱ्याखाली शिकलेलं होतं.

या वर्षी भादवा तुंबून बरसला. माझ्या पोटातल्या तांबड्या मातीला फार दिवसांनी जुनी आठवण झाली. मी हलले. थोडीच, दोन बोटं. पण हलले कधी, तर गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या भागातल्या माणसाला हा दिवस काय ते सांगायला नको. त्र्याण्णवचा भूकंपसुद्धा विसर्जन करून लोक दमून निजले, त्याच रात्रीचा. इकडं मी पोटातून ‘धप्प’ असा आवाज काढला, घराघरांतल्या फरश्या ताडताड उडाल्या, दारं चौकटीत अडकली, सिमेंटचा रस्ता आडवा फाटला.

“भाईर! समदे भाईर! मोकळ्यावर चला!” केवळाबाई अनवाणी रस्त्यावर उभी राहून ओरडत होती. एकही घर तिनं सोडलं नाही. भूकंप असता तर त्या दिवशी तिनं पन्नास जीव वाचवले असते. तिचं चुकलं ते एवढंच, की तिला धरणीचा एकच राग माहीत होता.

नगरात मोकळी जागा एकच. ओढ्याकाठची ‘ओपन स्पेस’, जिथं बगीचा होणार होता. म्हणजे माझ्या उरल्यासुरल्या पायांची बोटं. कापलेल्या मुरमावर भराव, आणि पुढं दगडी भिंत. गणपती मंडळाचे मंडपाचे पत्रे तिथं पडलेलेच होते. पोरांनी ते उभे केले, शेड झालं. किल्लारीनंतर माणसं महिनोन्महिने पत्र्याच्या शेडात राहिली आणि जगली, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच भरवशावर अख्खं नगर तिथं येऊन निजलं. माझ्यापासून पळाले आणि माझ्याच पायाशी येऊन झोपले. मी खाली गेले असते तर आधी तेच गेले असते.

गुरुपादप्पाला भूकंप हा शब्द फार आवडला. मला त्याचं नवल वाटलं नाही. भूकंप म्हटला की कुणाचंच नाव येत नाही. दरड म्हटली की लोक विचारतात, तिचे पाय कुणी कापले?

मला तोंड नाही, भेगा आहेत. त्या भाषेत मला जेवढं ओरडता येईल तेवढं मी ओरडले. विजेचे सगळे खांब ओढ्याकडं कलते केले. भिंतीला पोट आणलं. भिंतीच्या भोकांतून गढूळ पाणी सोडलं. दीपमालानं त्या भेगांचे फोटो काढून आपल्या जुन्या सरांना पाठवले. ते सर म्हणजे हाच अश्वजित. मूळचा मुखेडकडचा, त्यामुळं बोलणं आपल्यातलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आला आणि आधी माझ्या माथ्यावर चढला. टाकीपासून भिंतीपर्यंत मला पायी पालथं घातलं. एवढ्या वर्षांत माझ्या जन्मखुणेकडं मान वर करून बघणारा तो पहिला.

खाली येऊन त्यानं सांगितलं, “हा भूकंप न्हाई. पल्याड गावात एक भांडं वाजलं न्हाई. हा डोंगरच जुना घसरलेला हाय, तो परत सरकून राहिलाय. मोठा पाऊस झाला की ही खालची जागा ओढ्यात जाणार. पुलापल्याड मंगल कार्यालय हाय, ते कातळावर हाय. तहसीलला कळवलंय, माणसं निघालीत, पर पाऊस त्यांच्या आदी येईल. सगळे आत्ताच चला.”

मंगल कार्यालय. पक्कं, मोठं, आणि वर स्लॅब. तिथून हे भांडण पेटलं.

“माज्या अंगावर माळवद आलं तवा तुमी पाळण्यात व्हता, साहेब,” केवळाबाई म्हणाली. आता आवाजात थट्टा नव्हती. “माजी पोर आतून हाका मारत व्हती. मला दगड उचलंना. आन् तुमी मला सांगून राहिलात, छताखाली चला?”

अश्वजित हळू म्हणाला, “आजी, तुमचा भूकंप खराच व्हता. ह्यो भूकंप न्हाई, एवढंच म्हणतो मी.”

“अगदी बरोबर बोलल्या केवळाक्का!” गुरुपादप्पा पुढं सरकला. “भूकंपच हाय ह्यो. देवाची करणी. कुणाची चूक न्हाई ह्यात. चार दिस हितंच काढायचे, चहापाणी माझ्याकडून.”

केवळाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. नाल्यासाठी, तुंबलेल्या शोषखड्ड्यांसाठी ती या माणसाच्या दारात कितीदा भांडून आली होती, आणि त्यानं तिचं एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं.

“गुरुपादप्पा, तुमी माज्या बाजूनं कवापासून बोलून राहिलात?”

तो हसला आणि पोरांना चहा आणायला सांगू लागला.

तिनं नजर खाली घातली. न सारवलेल्या जमिनीवर बसणं तिला जमत नाही, म्हणून सकाळी तिनं शेडाची जमीन शेणानं सारवून काढली होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकसारखी, बोटांच्या कमानी उमटवत. त्या ताज्या सारवणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती, थेट दीपमालाच्या चटईखालून. ती चीर माझी. तिच्याइतकं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

केवळाबाई उकिडवी बसली. चटई सारली. चिरेत बोट घातलं. एक काठ वर होता, ओढ्याकडचा खाली. ती बराच वेळ तो काठ चाचपत राहिली.

“दीपमाले, सकाळधरनं जमीन हादरली का गं?”

“न्हाई, आत्या.”

“एकदा तरी?”

“बिल्कुल न्हाई.”

“मंग हे फाटलं कशानं?”

ओढ्याच्या वरच्या अंगाला ढग गडगडला.

“भूकंप हाणतो अन् जातो,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “ह्यो जाऊनच न्हाई राहिला.”

आता मला माझं सांगून टाकू द्या, मग तिचं.

आज ती ओपन स्पेस ओढ्यात आहे. भिंत फुटली, भराव गेला, मंडपाचे पत्रे वाळूत उभे रुतले आहेत. खालच्या ओळीतली रिकामी घरं तिरकी झाली, एक पाठीवर पडलं. त्यांच्याखाली माणूस नाही, शेरडू नाही. त्या संध्याकाळी मी गेले ती दांडगाईनं गेले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मला माझा तोल हवा होता, मी तो घेतला. तरी पुरता घेतलेला नाही. माथ्यावर टाकी आहे तोवर, पोटातलं पाणी कोंडलेलं आहे तोवर मी शांत बसेन असा शब्द मी देत नाही. अश्वजित आता वर पाइप ठोकून माझ्या पोटातलं पाणी काढायचं म्हणतो, पायाशी पुन्हा दगडांचा भार द्यायचा म्हणतो. द्या. मी धरून राहीन. मी काही माणसांची वैरीण नाही.

आणि तुम्ही, जे उद्या दुसऱ्या कुठल्या डोंगराच्या अंगावर नकाशा पसरून उभे राहाल, पूर्व कुठली ते सावकाश बघा. आधी वर चढा. मागचा कडा कमानीसारखा कोरलेला आहे का, मध्येच ओल का आहे, गुराखी त्या जागेला काय म्हणतात, ते विचारा. आमच्यासारख्या म्हाताऱ्या बसलेल्या असतात, त्यांचा पायथा काढून घेऊ नका. बांधायचं तर आमच्या बाजूला बांधा, आमच्या जिवावर नको. एवढंच माझं मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, डोळ्याला डोळा देऊन करते.

आता त्या दुपारचं.

केवळाबाई उठली खरी, पण बाकीचं शेड उठेना. चिरेकडं बघून बायका घाबरल्या होत्या, आणि स्लॅबच्या नावानं त्याहून जास्त घाबरल्या होत्या. त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली, “मावशे, तूच तर सांगितलंस, काय वाट्टेल ते झालं तरी छताखाली जायचं न्हाई! लेकरं घेऊन आमी कुणाचं ऐकायचं?”

“त्येच तर!” गुरुपादप्पानं आवाज चढवला. “सकाळी एक अन् दुपारी एक? केवळाक्का, इज्जतीचा सवाल हाय, शब्द फिरवता का आता?”

अश्वजितनं काहीतरी समजवायला तोंड उघडलं. तिनं हातानंच त्याला थांबवलं. पुलापल्याडच्या त्या पक्क्या, पांढऱ्या, सपाट छताकडं तिनं एकदा पाहिलं, आणि पदर कमरेला खोचला. मग ती सुनेकडं वळली आणि सगळ्या शेडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“दीपमाले, माजी वाकळ उचल अन् त्या कार्यालयात मधोमध टाक, पंख्याच्या बरुबर खाली, आज म्या स्लॅबखाली निजणार हाय.”